मॉर्ड्रेड, कोल्हासुर आणि "व्हिलनचीपण बाजू असते" वाली पुस्तकं

मृण्मयी_रंकाळा

माझं पीएचडीचं काम मध्ययुगीन दंतकथांमधल्या खलनायकांवर चाललंय, त्यातही मुख्य म्हणजे राजा आर्थरच्या कथेतला मॉर्ड्रेड आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याच्यावर नव्यानं ज्या कादंबऱ्या नि सिरियली आल्या त्या. घरी सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, कोल्हापुरात बसून तुला त्या इंग्लंडच्या राजाचं काय पडलंय. म्हणून इथं लिहितेय. माझं एक म्हणणं आहे, ते कुणीतरी खोडून दाखवावं एवढीच इच्छा.

ज्यांना आर्थर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटनचा राजा, गोल टेबलाभोवती बसणारे सरदार, राणी ग्विनिव्हियर, जिवलग मित्र लान्सलॉट, आणि शेवटी घरातलाच मॉर्ड्रेड उठतो, राजा परमुलखात लढायला गेलेला असताना गादी बळकावतो, राणीशी लग्न लावायला बघतो, मग कॅमलनची लढाई होते आणि बापलेक (की मामाभाचे, ते तुम्ही कुठलं पुस्तक उघडता त्यावर) एकमेकांच्या हातून पडतात.

आता गंमत बघा. या माणसाचा सगळ्यात जुना उल्लेख एका वेल्श कालगणनेत आहे, लॅटिनमधली, दहाव्या शतकात जुळवलेली. इ.स. ५३७ च्या आसपासची नोंद म्हणते की कॅमलनची लढाई झाली, तीत आर्थर आणि मेड्रॉट पडले. बस्स. समोरासमोर लढले की एकाच बाजूनं, कुणी कुणाला मारलं, काही नाही. आणि बाराव्या शतकातले वेल्श कवी तर आपल्या राजाची स्तुती करताना मेड्रॉटचं नाव कौतुकानं घ्यायचे! म्हणजे तोवर निदान वेल्समध्ये तरी हा माणूस शिवी झालेला नव्हता.

मग ११३८ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ, ब्रिटनच्या राजांचा इतिहास म्हणून दंतकथा लिहिणारा, येतो आणि त्याला आर्थरचा गद्दार भाचा करून टाकतो. पुढं तेराव्या शतकात फ्रेंच लेखक म्हणतात भाचा कसला, मुलगाच, आर्थरला नकळत आईकडून असलेल्या बहिणीपासून झालेला. झालं, आता पापाचं फळ म्हणून तो जन्मालाच खलनायक.

पण खरी गडबड पुढं आहे. १४८५ साली कॅक्स्टननं छापलेलं मॅलरीचं पुस्तक घ्या. त्यात जादूगार मर्लिन आर्थरला सांगतो की मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेलं पोर तुझा घात करणार. आर्थर काय करतो? त्या दिवशी जन्मलेली सरदारांच्या घरची सगळी तान्ही पोरं मागवून घेतो, जहाजात घालतो आणि समुद्रात सोडून देतो. जहाज आपटून फुटतं, पोरं मरतात, एक वाचतं, ते मॉर्ड्रेड. कुणी भला माणूस त्याला उचलतो, चौदा वर्षांचा होईपर्यंत सांभाळतो. कंस आठवला ना? फरक एवढाच की इथं कंसाचं काम नायकानं केलंय आणि वाचलेलं पोर खलनायक आहे. आणि मॅलरी ते झाकतसुद्धा नाही, उलट लिहितो की सरदार चिडले, पण बऱ्याच जणांनी दोष आर्थरपेक्षा मर्लिनवर जास्त ढकलला आणि भीतीपोटी नि प्रेमापोटी सगळे गप्प बसले. हे "भीतीपोटी नि प्रेमापोटी" मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय.

तर म्हणणं असं. हल्ली प्रत्येकाला खलनायकाची बाजू सांगायचीय, आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर असं लिहिलेलं असतं जणू जुन्या लोकांना सगळं काळंपांढरंच दिसायचं, ग्रे शेड आम्हीच शोधली. मला उलटं दिसतंय. जुन्या पुस्तकातला मॉर्ड्रेड जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि नव्या पुस्तकांनी त्याला दुःखी बालपण देऊन सोपा करून टाकलाय. बोला.

भावा_विषय_हार्ड

मी पयला! रुमाल टाकून ठेवतो, रात्री निवांत वाचतो.

भावा_विषय_हार्ड

वाचलं. भावा (ताई म्हणायला पाहिजे, सॉरी) विषय खरंच हार्ड हाय. मी ती इंग्लिश सिरियल बघितलेली, मर्लिनची, २००८ पासून २०१२ पर्यंत चालायची, त्यात मॉर्ड्रेड म्हणजे जंगलातल्या जादूवाल्या लोकांचं एक बारकं पोरगं असतंय, एकदम गप्प, नुसतं टकामका बघणारं. नंतर मोठा होऊन आर्थरचाच सरदार होतोय आणि चांगला असतोय की, पण त्याची जी पोरगी असते तिला आर्थर फाशी देतोय मग हा पलटतोय. मला तर ते लई पटलेलं तेव्हा. तुमच्या मते ते पण सोपं करणंच का?

मृण्मयी_रंकाळा

@भावा_विषय_हार्ड ताईच चालेल. हो, माझ्या मते सोपंच. कारण एक घटना घडली म्हणून पलटला, ती घटना काढली तर पलटला नसता, म्हणजे हिशोब बरोबर सुटला. आता मी जुन्यातलं सांगते, १४०० च्या सुमाराची एक इंग्लिश कविता आहे, कवीचं नाव कुणालाच माहीत नाही, एकच हस्तलिखित उरलंय, रॉबर्ट थॉर्नटन नावाच्या यॉर्कशायरमधल्या जमीनदारानं स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलेलं, आता लिंकन कॅथेड्रलच्या ग्रंथालयाचं. त्यात सुरुवातीला आर्थर म्हणतो मी लढाईला चाललोय, तू राज्य सांभाळ. मॉर्ड्रेड गयावया करतो की मला नको, दुसऱ्या कुणाला तरी नेमा, मलाही लढाईला न्या. आर्थर ऐकत नाही.

पुढं गादी बळकावल्यावर गवेन, आर्थरचा लाडका सरदार आणि याचा भाऊच, किनाऱ्यावर उतरतो आणि या मॉर्ड्रेडच्या हातूनच मरतो. मॉर्ड्रेडच्या बाजूला एक फ्रिसियाचा राजा आहे, तो विचारतो, हा कोण होता हो, एवढी आमची माणसं एकट्यानं कापली? आणि मॉर्ड्रेड सांगायला लागतो. याच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता, शूर होता, सभ्य होता, तुम्ही त्याला त्याच्या मुलखात बघितला असता तर आयुष्यभर हळहळला असता. बोलता बोलता त्याला रडू फुटतं, तोंड फिरवून बाजूला जातो, ज्या घडीला आपल्या नशिबात हे लिहिलं गेलं तिला शिव्या घालतो. आणि मग? मग काही नाही. शरण जात नाही, पश्चात्तापानं सुधारत नाही, सैन्य घेऊन पुढच्या लढाईला लागतो.

कवी कुठलंही कारण देत नाही. बालपण नाही, प्रेयसी नाही. मला हे सिरियलीच्या दहापट भारी वाटतं.

गंगावेशकर

मृण्मयी, लिखाण आवडलं. तुमच्या घरच्यांना सांगा की कोल्हापुरात बसून खलनायकाचा अभ्यास करायचा नाही तर कुठं करायचा? गावाचं नावच मुळी राक्षसाचं. करवीर माहात्म्यातली कथा सगळ्यांना ठाऊक असते पण अर्धीच. आमच्या आजीकडून ऐकलेली अशी: कोल्हासुराची मुलं आधी देवांनी मारलेली, म्हणून तो पेटून उठला. त्यानं तप केलं ते देवीचंच, आणि वर काय मागितला तर तू शंभर वर्षं हे क्षेत्र सोडून जा. देवी दिलेला शब्द पाळते, शंभर वर्षं लांब राहते, मग परत येऊन त्याला मारते. आणि मरताना तो मागतो की या गावाला माझं नाव राहू दे. देवी तेही देते!

म्हणजे बघा, सूड घेण्याचं कारण आहे, भक्ती आहे, वर आहे, वध आहे आणि वर नावही आहे. तुमच्या आधुनिक लेखकांना काही नवीन घालायला जागाच ठेवलेली नाही.

आणि ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जो कोहळा फोडतात तो म्हणजे त्या असुरवधाचीच आठवण. अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला भेटायला जाते, कारण विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं म्हणून ती रुसून बसली होती. तिथं गुरवांच्या घरातली कुमारिका त्रिशूळ मारते आणि मग जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, पोलीस काठ्या आडव्या धरतात, तरी पाच-सहा हात एकाच फोडीला धरून ओढत असतात, बिया सदऱ्यावर चिकटलेल्या, आणि ज्याला मिळाला तो मुठीत दाबून गर्दीतून वाकून पळतो. घरात ठेवला की बरकत येते म्हणतात. ज्या राक्षसाला मारला त्याचाच तुकडा प्रसाद म्हणून! याचं शास्त्रीय स्पष्टीकरण तुम्ही अभ्यासकांनी द्यायचं.

मृण्मयी_रंकाळा

काका, मी लहानपणापासून टेंबलाईला जातेय पण हे असं डोक्यात आलंच नव्हतं. मारलेल्याचं नाव गावाला आणि तुकडा घरात. प्रबंधात प्रस्तावनेत घालू का, तुमची परवानगी असेल तर?

गंगावेशकर

परवानगी कसली, आजीची गोष्ट आहे, सगळ्यांची आहे.

अनुपमा_डी

धागा छान आहे पण मला धागाकर्तीचं म्हणणं अजिबात मान्य नाही आणि जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

मुळात "दुःखी बालपण देऊन सोपा केला" हे सरसकट विधान झालं. मेरी स्ट्युअर्टची मॉर्ड्रेडवरची कादंबरी १९८३ ची आहे, तिनं मुळात प्रश्नच वेगळा विचारलाय, की भविष्यवाणी आधीच सांगून ठेवलीय, सगळ्यांना माहितीय की हा घात करणार, आता त्या पोरानं जगायचं कसं? हा प्रश्न मॅलरीला पडलेला नाही. मॅलरी पोरांना जहाजात घालतो आणि पुढच्या पानावर दुसऱ्याच गोष्टीला लागतो. कुणाची आई रडली का, त्या चौदा वर्षांत काय झालं, एक ओळ नाही. ती जागा रिकामी होती म्हणून तर लोकांनी लिहिलं ना. तुम्ही गप्प बसण्याला गुंतागुंत म्हणताय.

दुसरं म्हणजे मॉर्गन, आर्थरची जादूगार बहीण. तुम्ही फक्त मॉर्ड्रेड धरून बसलाय. मॉर्गन ल फे ही जेफ्रीच्याच ११५० च्या सुमाराच्या मर्लिनवरच्या काव्यात नऊ बहिणींमधली थोरली, औषधी वनस्पती जाणणारी, रूप पालटणारी, उडणारी, आणि जखमी आर्थरला तिच्याकडेच उपचाराला नेतात. वैद्यीण होती हो ती! तिथून तेराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकांनी तिला मत्सरी, वासनांध, कारस्थानी करून टाकली. मग विसाव्या शतकात एखाद्या बाईनं तिच्या तोंडून सगळी कथा सांगितली तर ते "सोपं करणं" कसं? जे बिघडवलं होतं ते निस्तरणं म्हणा की.

मृण्मयी_रंकाळा

अनुपमाताई, मॉर्गनच्या बाबतीत शंभर टक्के. पण गंमत म्हणजे तिला बिघडवणाऱ्यांनाही शेवट बदलता आला नाही, मॅलरीतसुद्धा आर्थर मरायला टेकतो तेव्हा काळ्या बुरख्यातल्या बायकांची जी होडी येते तिच्यात मॉर्गन आहेच, ती त्याचं डोकं मांडीवर घेते. आयुष्यभर मारायला टपलेली बाई शेवटी "भावा, एवढा उशीर का केलास" असं काहीतरी बोलते. का, कुणी सांगत नाही. मला असं न सांगणं आवडतं, एवढंच माझं म्हणणं.

मॅलरीनं रिकामं सोडलं म्हणता ते खरंय, पण सगळं नाही हं सोडलं. मॉर्ड्रेडनं खोटी पत्रं पसरवली की आर्थर मेला, गादीवर बसला, राणी लग्नाची खरेदी करायला म्हणून लंडनला गेली ती टॉवरमध्ये शिरून दरवाजे लावून बसली (ही राणी मला फार आवडते), मग यानं टॉवरवर तोफा डागल्या. हो, तोफा, आर्थरच्या काळात! मॅलरी १४६९-७० च्या सुमारास लिहून संपवत होता, तुरुंगात बसून, आणि बाहेर इंग्लंडमध्ये गुलाबांची यादवी, म्हणजे दोन राजघराण्यांचं गादीसाठीचं युद्ध, चालू. तर तिथं तो लिहितो की लोक मॉर्ड्रेडच्या मागं गेले कारण त्यांना वाटायचं आर्थरबरोबर नुसत्या लढाया आणि भांडणं, मॉर्ड्रेडबरोबर सुख आणि चैन. आणि मग लेखक चिडून मध्येच इंग्लिश लोकांना झापतो की तुम्हाला कुठलाच राजा फार दिवस आवडत नाही. म्हणजे खलनायक लोकप्रिय होता हे त्यानं लिहून ठेवलंय. किती आधुनिक कादंबऱ्यांत मॉर्ड्रेडला लोकांचा पाठिंबा दिसतो? सगळा वेळ आई आणि मुलगा, मुलगा आणि बाप.

अनुपमा_डी

हा मुद्दा चांगला आहे. पण टी. एच. व्हाइटच्या आर्थरवरच्या कादंबरीत दिसतो की, मॉर्ड्रेडच्या मागं गणवेश घातलेली टोळी आहे, हिटलरच्या काळात लिहिलंय त्यामुळं कुठून आलं ते कळतंच. तरी त्याच पुस्तकात आईनं पोराचं वाटोळं केलं हेही आहे. म्हणजे दोष पुन्हा बाईच्याच डोक्यावर. यावर तुम्ही एक प्रकरण लिहा असा माझा आग्रह आहे.

जयसिंगपुरी_जेके

खलनायक कोण ठरवतं हा प्रश्न असेल तर बाहेर कशाला जायचं. संभाजी महाराजांचं घ्या. व्यसनी, उतावळा, राज्य बुडवणारा ही प्रतिमा मराठी मनावर दीडशे वर्षं होती, नाटकांनी तर ती घट्ट करून टाकली. त्यात मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आणि हा चिटणीस कोण तर बाळाजी आवजींचा वंशज, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ ला कटात सामील धरून मारलं. घरातलं दुखणं बखरीत उतरलं. वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रं धुंडाळून १९६० ला चरित्र काढलं, मग १९७१ ला कमल गोखल्यांचं आलं, तेव्हा कुठं चित्र पालटलं. मॉर्ड्रेडला कुणी बेंद्रे भेटला नाही का?

(अवांतर: त्याच बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ बाप मारला गेल्यावरसुद्धा गादीशी इमानी राहिला. यावर कुणी कादंबरी लिहीत नाही.)

मृण्मयी_रंकाळा

@जयसिंगपुरी_जेके भेटला की! स्कॉटलंडचे इतिहासकार. चौदाव्या शतकात फोर्डन आणि १५२७ मध्ये हेक्टर बोइस. त्यांच्या हिशोबात मॉर्ड्रेड हा लॉथ राजाचा औरस मुलगा, लॉथ त्यांच्या बाजूचा, आणि आर्थरचा जन्मच मुळात जादूनं रूप बदलून केलेल्या फसवणुकीतून झालेला. मग गादीवर हक्क कुणाचा? मॉर्ड्रेडचा. म्हणजे "व्हिलनची बाजू" पाचशे वर्षांपूर्वी लिहून झालेली आहे आणि कारण तुमच्या चिटणीसासारखंच, घरचं दुखणं, इंग्लंडच्या राजांनी आर्थरचं नाव पुढं करून स्कॉटलंडवर हक्क सांगितला होता.

फरक आहे तो सांगते. बेंद्र्यांकडं कागद होते. मॉर्ड्रेडच्या मागं सगळं खणून काढलं तर तळाशी एकच ओळ आहे, आर्थर आणि मेड्रॉट पडले. त्यामुळं त्याचं "खरं" चित्र असं काही निघणार नाही. संभाजी महाराजांवर अन्याय झाला असं म्हणता येतं, मॉर्ड्रेडवर झाला असं म्हणता येत नाही, कारण मूळ माणूसच हाती नाही.

पेठेतला_किडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). गॅनेलॉनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शार्लमेन राजाचा सरदार रोलां, त्याच्यावरचं जे फ्रेंच काव्य आहे, ११०० च्या आसपासचं, त्यातला गद्दार. रोलांचा सावत्र बाप. शत्रूशी संधान बांधून रोलांला खिंडीत मारवतो. मुळात घडलेली गोष्ट काय तर १५ ऑगस्ट ७७८, शार्लमेनचं सैन्य स्पेनमधून परतताना पिरेनिजच्या डोंगरात बास्क लोकांनी पिछाडीवर छापा घातला. मुसलमान नाहीत, गद्दार तर नाहीच नाही. हार झाली ती पचेना म्हणून तीनशे वर्षांनी एक घरभेदी तयार झाला. आपल्याकडंही किल्ला पडला की फितुरी झालीच असं धरून चालतात, तसंच.

पण मला आवडतो तो खटला. गॅनेलॉन भर दरबारात म्हणतो, हो मी सूड घेतला, रोलांशी जाहीर वैर पत्करलं होतं, राजाशी गद्दारी केली नाही. आणि जमलेले सरदार गारद होतात, म्हणतात सोडून द्या याला! शेवटी द्वंद्वयुद्धात निकाल लागतो आणि चार घोड्यांना बांधून फाडतात त्याला. त्याच्यासाठी जामीन राहिलेले तीस नातेवाईक पण फासावर. कवीनं आरोपीला वकिलासारखं बोलू दिलंय हे खरंच मानलं पाहिजे.

मिरचीकांडप

एवढं सगळं लिहिताय आणि खिलजी राहिला की! मसाई पठार विसरलात काय, २०१७ च्या मार्चमध्ये पद्मावती सिनेमाचा सेट जाळला होता आपल्या पन्हाळ्याजवळ. दंतकथेतल्या खलनायकावरून कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्यक्ष आग लागलीय, हे पीएचडीत आलंच पाहिजे.

संपादक मंडळ

वरील प्रतिसादानंतरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. सिनेमा, जात, पक्ष यावर बोलायला दुसरे धागे आहेत. इथं चांगली चर्चा चाललीय, तिचं रणांगण करू नका.

पेठेतला_किडा

खिलजीवर विषयाला धरूनच बोलतो, उडवू नका. चित्तोड पडलं १३०३ ला. अमीर खुसरो त्या स्वारीत बरोबर होता, त्यानं हकीकत लिहिली, तिच्यात पद्मिनी राणी नाही. जायसी या कवीनं पद्मिनीवर अवधीत काव्य लिहिलं ते १५४० ला. आणि गंमत अशी की जायसीच्या काव्यात राजा रतनसेन खिलजीच्या हातून मरतच नाही, तो मरतो कुंभलनेरच्या देवपाल राजाशी द्वंद्वात. म्हणजे राणीवर डोळा ठेवणारा दुसरा एक शेजारचा राजपूत राजा काव्यातच आहे, आणि तो पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमधून हळूहळू गायब. एकच खलनायक पुरे वाटला असणार. मृण्मयीताई म्हणतात ते इथं बरोबर बसतंय, जुनं जास्त गुंतागुंतीचं होतं.

भावा_विषय_हार्ड

आयला देवपाल. सोळा हजार प्रतिक्रिया वाचल्या असतील त्या वेळी फेसबुकवर, एकानं पण हे नाव घेतलं नव्हतं.

अनुपमा_डी

मला एक सांगा मृण्मयी, तुमच्या म्हणण्यात कर्ण कुठं बसतो? तोही चुकीच्या बाजूला उभा राहिलेला, त्यालाही टाकून दिलेला, पेटीत घालून नदीत. मॉर्ड्रेड समुद्रातून वाचला, हा नदीतून. आणि कर्णाची बाजू घेऊन लिहिलेल्या मराठीतल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांच्या, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची १९६७ ची मृत्युंजय आणि कोवाडच्या रणजित देसाईंची राधेय. मृत्युंजय वाचून मी दहावीत ढसाढसा रडलेय. ते सोपं करणं होतं असं तुम्ही म्हणणार असाल तर आपलं जमायचं नाही :)

मृण्मयी_रंकाळा

नाही म्हणणार, मलाही कोल्हापुरात राहायचंय :)

पण खरं सांगू का, कर्णाची बाजू व्यासांनीच मांडून ठेवलीय. कुंती त्याला भेटायला जाते, कृष्ण त्याला पांडवांकडं ये म्हणतो, तो नाही म्हणतो, कारणं देतो, सगळं मूळ महाभारतात आहे. कादंबरीकारांनी ती बाजू मोठी केली. पण भर सभेत द्रौपदीला जे बोलला तेही मूळ महाभारतातच आहे आणि तिथं मात्र कादंबरीकारांचा हात आखडतो. मला त्या आखडण्यात रस आहे. नायक करायचा ठरवला की त्याचं वाईट कृत्य एकतर कुणाच्या तरी डोक्यावर जातं नाहीतर दोन ओळीत उरकतं. मॉर्ड्रेडच्या नव्या पुस्तकांत हेच होतं, राणीवरची जबरदस्ती एकतर गैरसमज होते किंवा राणीच त्याच्या प्रेमात असते. बिचारा बिचारा करत त्याच्या हातातली तलवारच काढून घेतात.

मॅलरीतली शेवटची लढाई सांगते आणि थांबते. तह झालेला असतो. दोन्हीकडं ताकीद असते की समोरच्या बाजूची एक तलवार जरी उपसलेली दिसली तर तुटून पडा. झुडपातून साप निघतो, एका सरदाराच्या पायाला डसतो, तो सापाला मारायला तलवार काढतो. एवढ्यावरनं लढाई पेटते. मॉर्ड्रेडनं सुरू केलेली नाही, आर्थरनंही नाही. संध्याकाळपर्यंत मैदानात मढ्यांचे ढीग, आणि मॉर्ड्रेड एका ढिगाजवळ तलवारीवर रेलून उभा. आर्थरचा माणूस म्हणतो, राहू दे महाराज, आपण जिंकलोय, तो एकटा उरलाय. आर्थर ऐकत नाही, भाला घेऊन धावतो आणि ढालीखालून आरपार घुसवतो. आणि मॉर्ड्रेड, आपण मरणार हे कळल्यावर, मागं सरत नाही. जोर लावून त्या भाल्यावरूनच पुढं सरकत येतो, मुठीच्या कडीपर्यंत, कारण तेवढं जवळ आल्याशिवाय तलवार बापाच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. दोन्ही हातांनी मारतो.

फ्रेंच पुस्तकात तर भाला उपसल्यावर जखमेतून सूर्याचा किरण आरपार जातो असं आहे, आणि डान्टेनं नरकात गद्दारांच्या बर्फात मॉर्ड्रेडला ठेवलाय तो याच खुणेनं, ज्याची छाती आणि सावली एकाच घावात फुटली तो.

जयसिंगपुरी_जेके

भाल्यावरून सरकत येतो हे वाचून काटा आला अंगावर. हे कुठं वाचायला मिळेल, फुकट?

मृण्मयी_रंकाळा

मॅलरी इंटरनेटवर सहज मिळतो, जुना आहे, हक्क संपलेत. ती रडण्याची कविता रॉचेस्टर विद्यापीठाच्या साइटवर आहे, तळटिपांसकट. जुनी इंग्लिश आहे, सुरुवातीला डोकं दुखतं, मोठ्यानं वाचली की चालायला लागते, प्रत्येक ओळीत एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द ठोकलेले आहेत, आपल्या पोवाड्यासारखी छातीतून म्हणायची. हॉस्टेलवर मी म्हणायला लागले की शेजारची पोरगी भिंत वाजवते.

गंगावेशकर

एक शंका. या मॉर्ड्रेडला पोरंबाळं होती का? कोल्हासुराची मुलं कथेत आहेत म्हणून विचारतो.

मृण्मयी_रंकाळा

होती काका! जेफ्रीच्या पुस्तकात दोन मुलगे आहेत, नावं दिलेली नाहीत. बाप मेल्यावर ते सॅक्सन लोकांना घेऊन पुन्हा उठतात, आर्थरच्या जागी आलेला कॉन्स्टंटाइन त्यांना हरवतो. एक पळून विंचेस्टरला देवळात शिरतो, दुसरा लंडनला साधूंच्या मठात लपतो. दोघांनाही वेदीसमोर कापतात. त्यावर जेफ्री दोन-चार वाक्यं खर्च करतो आणि पुढच्या राजाकडं वळतो. एवढ्या कादंबऱ्या झाल्या पण या दोघांना कुणी फारसं हात लावलेला मला दिसला नाही.

अनुपमा_डी

मग लिहा की तुम्ही. दुःखी बालपण न देता लिहून दाखवा.

भावा_विषय_हार्ड

विंचेस्टरवाला मी घेतो. लंडनवाला ताईंनी घ्यावा. मराठीत लिहायचं पण, आणि माझा कोल्हापुरी बोलणार, आधीच सांगतो.

संपादक मंडळ

लिहून झालं की "कथा" विभागात टाका, इथं नको. प्रतिसाद शंभराच्या पुढं गेले की पान उघडत नाही.